पावणेपाचची माणसं

साताऱ्यात पहाटे पावणेपाचला पोवई नाक्यावर उभं राहिलं, तर दोन जातींची माणसं पळताना दिसतात. पहिली अठरा ते चोवीस वयाची, अंगाने शिडशिडीत, पायात झिजलेले बूट किंवा नुसते मोजे. ही भरतीची पोरं. दुसरी चाळिशी-पन्नाशीची, भडक रंगाचे बूट, मनगटावर घड्याळ, कमरेला पाण्याच्या बाटल्यांचा पट्टा. ते आम्ही. पोरं पळतात ती पगार मिळावा म्हणून आणि आम्ही पगारातले पैसे भरून पळतो. शर्यतीची फी किती, असं एकदा त्यांच्यातल्या एकाने विचारलं. मी आकडा सांगितला. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "काका, एवढ्यात मेडल बाजारात इकत मिळंल की."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही फारसं सुचत नाही.

आमच्या रनिंग क्लबला 'क्लब' म्हणणं थोडं फुगवून सांगण्यासारखं आहे. कार्यालय नाही, पाटी नाही, अध्यक्ष नाही. आहे तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक गट आणि दर शनिवारी रात्री त्यावर येणारे दोन संदेश. एकाचं शीर्षक 'पुढच्या शर्यती', दुसऱ्याचं 'आपली माणसं'. हे दोन संदेश एक निवृत्त बँक कर्मचारी लिहितात. हयात खतावण्या जुळवण्यात गेल्यामुळे त्यांचा मजकूर ताळेबंदासारखा असतो: डावीकडे काय यायचंय, उजवीकडे काय झालं. पहिला संदेश सगळे वाचतात. दुसऱ्याखाली अंगठे, हात जोडलेले, फुलांचे गुच्छ असा पाऊस पडतो. कुणाची मुलगी दहावी झाली, कुणाच्या गुडघ्याचा एमआरआय आला, कुणी पहिल्यांदा न थांबता दहा किलोमीटर पळालं, कुणाचे वडील गेले म्हणून तेरा दिवस येणार नाहीत. पळण्याशी संबंध असलेल्या बातम्या त्यात निम्म्याही नसतात.

पहिल्या यादीचा मात्र आमच्या वर्षावर पूर्ण ताबा असतो. शेतकऱ्याची वर्षं नक्षत्रांवर मोजली जातात, आमची शर्यतींवर. सप्टेंबरात सातारा. डिसेंबरात पुणे, ती १९८३ पासून चालत आलेली जुनी मॅरेथॉन. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई, २००४ पासूनची. एखाद्याची हौस आणि रजा दोन्ही शिल्लक असेल तर सप्टेंबरातच लेह. तिथे साडेतीन हजार मीटर उंचीवर पहिल्या दोन किलोमीटरांतच छाती भात्यासारखी होते. बाकी गावोगावच्या शर्यती आता इतक्या झाल्या आहेत की कुठलाही रविवार मोकळा सापडत नाही. त्यातल्या काही खरोखर चांगल्या, काहींचा भर टी-शर्ट आणि ढोल-ताशांवर. आमच्या ताळेबंदवाल्या काकांनी त्यासाठी एक खूण ठरवली आहे: ज्या शर्यतीत शेवटच्या माणसापर्यंत पाणी उरतं, तिच्यापुढे ते टिंब देतात. टिंब न मिळालेल्या शर्यतीला आमच्यातलं पुन्हा कुणी जात नाही.

या सगळ्यात घरची शर्यत एकच, सातारा हिल हाफ मॅरेथॉन. सातारा रनर्स फाउंडेशनने ती २०१२ साली सुरू केली. पश्चिम घाटाबरोबर कासच्या पठाराचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं तेही त्याच वर्षी, हा योगायोग. पण शर्यतीमुळे एक झालं. त्याआधी यवतेश्वरचा घाट म्हणजे फुलं बघायला जाणाऱ्या गाड्यांचा रस्ता होता. आता वर्षातला एक रविवार तो पायांचा झाला. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वांत जास्त माणसं पळाल्याचा विक्रम गिनेस बुकात नोंदला गेला, आकडा अडीच हजारांच्या वर होता. तेव्हापासून बाहेरगावच्या माणसाला साताऱ्याचा पत्ता सांगताना कंदी पेढे आणि अजिंक्यताऱ्याबरोबर ही शर्यतही सांगता येते.

शर्यतीची खुबी रस्त्यात आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरांवर, यवतेश्वर हजाराच्या वर. समर्थ मंदिराचा चौक सोडला की चढ सुरू होतो आणि मग वळणावर वळणं. वर पठाराला लागून कासच्या रस्त्यावर वळसा घ्यायचा आणि आल्या वाटेने परत. म्हणजे अर्धी शर्यत चढाची, अर्धी उताराची. नवा माणूस चढाला भितो. जुना माणूस उताराला.

याचं कारण मांडीत आहे. चढताना स्नायू आखडत काम करतो, दम लागतो, पण इजा फारशी होत नाही. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार झेलून ब्रेक लावत असतो. हजारो पावलं असा ब्रेक लागला की त्याच्या तंतूंना बारीक बारीक चिरा पडतात. दुखणं लगेच येत नाही. शर्यत संपल्यावर माणूस मिसळ खातो, फोटो काढतो, मेडल गळ्यात घालून मोती चौकात फिरून येतो. दुखणं येतं दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. सातारच्या शर्यतीनंतरच्या सोमवार-मंगळवारी सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यांवर नजर टाका, कठडा धरून उलटे उतरणारे दोन-चार साहेब हमखास दिसतील.

यावर उपाय आहे, आणि तो मला क्लबात येईपर्यंत कुणी सांगितला नव्हता. स्नायूला उताराची एकदा झळ बसली की पुढचे काही आठवडे तो तेवढ्याच उताराला पूर्वीइतका कुरकुरत नाही. म्हणून शर्यतीच्या तीन आठवडे आधी आम्ही मुद्दाम घाट उतरतो. वर जीपने जायचं आणि खाली पळत यायचं. बघणाऱ्याला यात आळशीपणा दिसतो. एका दूधवाल्याने मोटरसायकल थांबवून विचारलंही होतं, "वर गाडीत बसून ग्येला, मग खाली गाडी का नाही?"

घाटाची दुसरी शिकवण पावसाळ्यातली. जून ते सप्टेंबर सराव करायचा म्हणजे धुक्यात करायचा. दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही, नुसती बुटांची चपचप ऐकू येते. कुठे दरड आलेली, कुठे माकडांचं टोळकं कठड्यावर भिजत बसलेलं. ढग फाटला की खाली सगळं शहर आणि अजिंक्यतारा लख्ख दिसतो, आणि पाय आपोआप थांबतात. वेळ मोजणारे चिडतात. मी थांबतो. माझी वेळ तशीही कुणाच्या नोंदवहीत जाणार नाही.

वेळेवरून आठवलं. प्रत्येक शर्यतीनंतर गटावर एक भांडण ठरलेलं असतं: "माझ्या घड्याळात एकवीस पूर्णांक चार आलं. रस्ता जास्त मोजलाय." घड्याळ उपग्रहाच्या भरवशावर चालतं, घाटात आणि उंच इमारतींत ते चकतं, शिवाय आपण प्रत्येक वळण बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो. प्रमाणित शर्यतीचा रस्ता सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं दातेरी यंत्र बसवतात, ते चाकाच्या फेऱ्यांचे बारीक अंश मोजतं. आधी सायकलस्वार ते पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर जुळवून घेतो, मग प्रत्येक वळण आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या वाटेने घेत रस्ता मोजतो. वर हजारात एक इतकं अंतर जास्तीचं धरतात, अंतर कमी भरू नये म्हणून. हाफ मॅरेथॉनला ते होतात एकवीस मीटर. हे सगळं मी गटावर एकदा लिहिलं होतं. खाली उत्तर आलं, "तरी माझ्या घड्याळात एकवीस पूर्णांक चारच."

आता पुन्हा भरतीच्या पोरांकडे.

या जिल्ह्यात पळणं नवं नाही, शर्यतीचं तिकीट काढून पळणं नवं. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं ते घरटी माणूस सैन्यात गेल्यामुळे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. पैलवान खाशाबा जाधव गोळेश्वरचे. आणि माण तालुक्यात, जिथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो, तिथल्या मोही गावची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ती भारतीय महिलांत पहिली आली. मग एवढी लांब पल्ल्याची वाट सोडून तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळली. पळता पळता अडथळे ओलांडायचे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची, अशी ती शर्यत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. दुष्काळी गावातली मुलगी पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारत तिथवर गेली, ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या भाषणांत हमखास येते. मला ती दर वेळी थोडी अस्वस्थ करते, कारण भाषणात गाव येतं आणि तिथला पाण्याचा टँकर येत नाही.

भरतीच्या पोरांचा हिशेब 'सोळाशे'वर असतो. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना सोळाशे मीटर पळायचं असतं, पन्नासपैकी वीस गुण त्याचे; उरलेले शंभर मीटर आणि गोळ्याला. पूर्ण गुणांसाठी सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत मारावे लागतात. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटं. आम्ही घाटात सात मिनिटांनी किलोमीटर पळालो की एकमेकांची पाठ थोपटतो. त्यांच्यासाठी दहा सेकंद इकडे-तिकडे म्हणजे नोकरी इकडे-तिकडे. आमच्यासाठी दहा सेकंद म्हणजे शनिवारच्या संदेशात नावापुढे एक तारा.

बरीच वर्षं आम्ही एकमेकांच्या शेजारून मान हलवून जात होतो. बदल झाला तो नडगीमुळे. एक पोरगा चार दिवस डांबरी रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. नडगीच्या हाडावर बोट ठेवलं की ओरडायचा. आमच्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी तिथेच बघितलं, तीन आठवडे पळणं बंद सांगितलं. पोरगा रडायला लागला, भरती पाच आठवड्यांवर होती. मग पोहणं, सायकल, मातीवर हळू पळणं असं काहीतरी बांधून दिलं. त्या भरतीत तो लागला नाही. पुढच्या वर्षी लागला. त्यानंतर त्याच्या अकॅडमीची पोरं रविवारी आमच्याबरोबर घाटात यायला लागली. पहिल्या रविवारी ती सोळाशेच्या वेगाने सुटली आणि तिसऱ्या वळणावर आम्हाला कठड्यावर बसलेली सापडली. तेव्हापासून अदलाबदल ठरली: बुधवारी मैदानावर ती आम्हाला वेग शिकवतात, रविवारी घाटात आम्ही त्यांना सावकाशपणा. वापरून सहा महिने झालेले आमचे बूट त्यांच्याकडे जातात. आमच्या बायकांच्या मते या व्यवहारात क्लबचं पहिलं समाजकार्य आहे, बाकी सगळं व्यसन.

व्यसनाचा भाग यंदा जरा वाढला आहे. आमच्यातले दोघे कॉम्रेड्सची तयारी करताहेत. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये ही शर्यत होते, अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. पहिल्या महायुद्धातल्या आपल्या मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅपहॅम या सैनिकाने ती १९२१ मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी चौतीस जण सुटले, सोळा पोचले. दिशा सहसा आलटून पालटून असते, एक वर्ष चढाची, एक उताराची. बारा तास पूर्ण होताच बंदुकीचा बार होतो आणि शेवटची रेषा बंद; एका पावलाने मागे राहिलेल्यालाही मेडल मिळत नाही. आमचे दोघे त्यासाठी एका रविवारी यवतेश्वरचा घाट पाच वेळा चढतात-उतरतात. पोरांनी त्यांना 'पाच फेऱ्यांचं भूत' असं नाव ठेवलंय. मला त्यांची भीती वाटते आणि थोडा हेवाही.

कालच्या शनिवारचा संदेश असा होता:

पुढच्या शर्यती: रविवारी घाट, पावणेपाच, समर्थ मंदिर चौक. धुकं असेल, टॉर्च आणावा. दरडीची माती अजून रस्त्यावर आहे, डाव्या बाजूने पळावे. पाणी वळशाजवळच्या टपरीवर ठेवले आहे, मीठ-साखर-लिंबाची बाटली निळ्या झाकणाची.

आपली माणसं: पाटीलबाईंची मुलगी वजनाने अडीच किलो, दोघी ठीक. कुलकर्णी अजून लंगडतात, उतार बंद. अकॅडमीच्या तीन मुलांचे सोळाशे सोमवारी आहेत. कुणाकडे नऊ नंबरचे बूट असल्यास आजच द्यावेत.