आमरीची शाळा

आमरी म्हणजे ऑर्किड. सह्याद्रीत ती झाडांवर वाढते, म्हणून पुष्कळजण तिला बांडगूळ समजतात. हा तिच्यावर अन्याय होय. बांडगूळ झाडाचा रस पिते. आमरी केवळ आधार घेते आणि पावसाचे पाणी, हवेतील ओलावा व सालीवरचा पालापाचोळा यांवर जगते.

तिच्या एका बोंडात धुळीसारखी लक्षावधी बीजे असू शकतात. पण अंकुराच्या शिदोरीचा साठा त्यांत जवळजवळ नसतो. रानात बुरशीची साथ मिळेल तेव्हाच बी रुजते. अमेरिकेतील नडसन यांनी १९२२ साली साखर व अगर घातलेल्या बाटलीत, बुरशीवाचून, ते रुजविल्याचे प्रसिद्ध केले. परंतु त्यास जंतुरहित जागा लागते, आणि फुलासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते.

मग कात्रजच्या शाळेने काय करावे? प्रथम, घाटातील एकही रोप ओरबाडू नये. रोपवाटिकेतून डेंड्रोबियम आणावे. ते मातीत लावू नये, मुळे कुजतात. कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचे सोडण घ्यावे. जुन्या कांडीवर पिल्लू फुटते. त्याची मुळे बोटभर झाली की ते कापून निराळे लावावे.

खरी अडचण वैशाखात येते. हवा कोरडी, रोपे तहानलेली, आणि शाळेला सुट्टी! तेव्हा मुलांच्या पाळ्या लावाव्यात. पाळी चुकली तर सोबत्याचे नुकसान होते, हे आम्ही कामगारांत आयुष्यभर सांगत आलो. मुलांना ते रोपच सांगेल.