शिफारसपत्रावरचे प्राध्यापक

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा उन्हाळा मुलाखतींत जातो. मी बारामतीत भौतिकशास्त्र शिकवते, घर इंदापूरला. फाइलमध्ये सेटचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, शोधनिबंध असं सगळं असतं. तरी निघताना आत्या विचारतातच, "तिथं ओळख आहे का गं कुणाची?"

एकोणिसाव्या शतकात ओळख हीच निवडीची राजरोस पद्धत होती. सिडनीचं विद्यापीठ १८५० मध्ये स्थापन झालं आणि पहिले प्राध्यापक निवडायचं काम इंग्लंडमधल्या समितीकडे गेलं. समितीत खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल आणि ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी होते. त्यांनी गणितासाठी मॉरिस पेल निवडला. १८४९ च्या केंब्रिजच्या गणित परीक्षेत तो पहिला आला होता. रसायनासाठी ॲबर्डीनचा जॉन स्मिथ. मेलबर्नचे पहिले प्राध्यापक निवडतानाही हर्शेल आणि एअरी होतेच. माणूस एकदा जहाजात बसला की परत पाठवणं सोपं नव्हतं, त्यामुळे शिफारस करणाऱ्याचं नावही पणाला लागायचं.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं, पण ते फक्त परीक्षा घ्यायचं. शिकवणारे सरकारी कॉलेजांत. तिथेही विलायतेतला शब्द चाले. मॅक्समुल्लरच्या शिफारशीवर संस्कृतचा अभ्यासक जॉर्ज ब्यूलर १८६३ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात आला आणि त्याने पुढे खरोखर मोठं काम केलं. पण त्याच कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून रामकृष्ण गोपाळ भांडारकर शिकवत होते. कायम जागा भरायची वेळ आली तेव्हा ती पीटर पीटरसन यांना मिळाली. भांडारकर पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कायम झाले, तेही तिथले संस्कृतचे प्राध्यापक किलहॉर्न गेल्यानंतर. 'हंगामी' या शब्दाचा अर्थ आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला समजवावा लागत नाही.

विज्ञानात भांडारकरांच्या उलटं घडलेलं एक उदाहरण आमच्या शेजारचं आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवू लागले. वेधशाळेसाठी भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढेच घातले. नायगमवाला स्वतः इंग्लंडला जाऊन नॉर्मन लॉकियरसारख्या जाणकारांचा सल्ला घेऊन आले. १८८८ मध्ये पुण्यात वीस इंची आरशाची दुर्बीण उभी राहिली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांनी तळ टाकला तो जेऊरला, म्हणजे इंदापूरहून भीमा ओलांडली की करमाळा तालुक्यात. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचाही तळ तिथेच होता आणि त्याच दिवशी लॉकियर विजयदुर्गावर होते. पण १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मला वाटतं, हर्शेल-एअरींच्या पद्धतीत एक गोष्ट घेण्यासारखी होती: निवडणाऱ्याला विषय कळत होता आणि तो स्वतःच्या सहीने जबाबदारी घेत होता. खोट एवढीच, की पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक असलेलीच माणसं पत्रात येत. भांडारकर मुंबईत असून त्या यादीत नव्हते. आजच्या जाहिराती, गुणांकन, विषयतज्ज्ञांचं पॅनल हे सगळं ही खोट काढायला आलं. ते हवंच. पण गुणपत्रकावर सही करणाऱ्याचं आता काहीच पणाला लागत नाही.

गेल्या वर्षी भिगवणच्या एका विद्यार्थ्याने संशोधन शिबिरासाठी शिफारसपत्र मागितलं. 'मेहनती व होतकरू' हे छापील शब्द मी खोडले. लिहिलं, की याने सीडीचा तुकडा आणि खोकं घेऊन वर्णपटदर्शक बनवला. रेषा पसरट दिसल्या तेव्हा दुसऱ्याला न विचारता फट अरुंद केली. खाली सही केली आणि माझा फोन नंबर दिला, म्हणजे पुढे काही कमी-जास्त झालं तर त्यांनी मलाच विचारावं.