फेअर प्ले आणि ढाण्या वाघ

खून करून पळालेला माणूस किती दिवस लपून राहील? आठवडा? महिना? वाळवा तालुक्यातल्या बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर सुमारे पंचवीस वर्षं पोलिसांच्या हाती लागले नाहीत. आणि हा काही चंबळचा ओसाड मुलूख नव्हे. इस्लामपूरच्या आसपासचा हा कृष्णाकाठ म्हणजे गावाला खेटून गाव, वस्तीला लागून वस्ती, आणि मधल्या जागेत ऊस. इथं कुणाच्या गोठ्यात नवी म्हैस आली तरी संध्याकाळच्या आत पारावर बातमी पोचते. मग अख्खा माणूस पाव शतक कुणाला दिसला कसा नाही?

दिसला की! बऱ्याच जणांना दिसला, कित्येकांच्या घरी जेवलाही. सांगितलं मात्र कुणी नाही.

का नाही सांगितलं? या प्रश्नाचा माग काढत गेलात, तर माणूस माणसाला का मारतो याविषयीच्या एका थक्क करणाऱ्या उत्तरापाशी पोचाल. तिथवर जाण्याआधी शहाण्यासुरत्या लोकांनी हे उत्तर कुठं कुठं शोधलं ते बघू, कारण ती गोष्टही काही कमी अचाट नाही.

इटलीतला एक डॉक्टर, चेझारे लोम्ब्रोझो. विलेल्ला नावाच्या एका चोराची कवटी तपासताना त्याला मागच्या बाजूला एक खळगा सापडला. झालं! गुन्हेगार घडत नाही, तो तसाच जन्माला येतो, असं त्यानं ठरवून टाकलं आणि १८७६ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. जबडा, कान, हातांची लांबी मोजा, की खुनी ओळखता येतो! हसू येतं ना? पण त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारनं मोजपट्टीसुद्धा लागणार नाही अशी सोय करून ठेवली होती. गुन्हेगार जमाती कायदा. अमुक जमातीत जन्मलात ना, मग तुम्ही गुन्हेगार. द्या रोज हजेरी. ही हजेरी वाळवा तालुक्यानं जवळून पाहिली आहे. इथल्याच वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ कादंबरीत दाखवलेला मांग समाज याच कायद्याखाली भरडला गेला. फकिरा लुटीला निघतो, कारण गावात माणसं भुकेनं मरताहेत. पण हजेरीच्या वहीत त्या ‘कारण’ला रकानाच नव्हता! ती वही बंद व्हायला १९५२ साल उजाडलं.

आता चला न्यूयॉर्कला. १९४० पासून शहरात कुणीतरी बाँब ठेवतोय. थिएटरात, रेल्वे स्टेशनात, टेलिफोनच्या खोपटात. किमान तेहतीस बाँब, त्यातले बावीस फुटले, पंधरा माणसं जखमी झाली. १९५६ मध्ये टेकीला आलेल्या पोलिसांनी जेम्स ब्रसेल नावाच्या मनोविकारतज्ज्ञाला गाठलं. त्यानं बाँबवाल्यानं धाडलेली पत्रं वाचली, फोटो पाहिले आणि कधीही न पाहिलेल्या माणसाचं चित्रच काढून दिलं: मध्यमवयीन, अविवाहित, घरातल्या बायकांबरोबर राहणारा, आणि पकडाल तेव्हा त्याच्या अंगात डबल ब्रेस्टेड कोट असेल, बटणं लावलेला. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्कीला पोलिसांनी रात्री घरी गाठलं. दोन बहिणींबरोबर राहणारा हा माणूस पायजम्यात होता. कपडे बदलून ये म्हटल्यावर आत गेला आणि बाहेर आला तो डबल ब्रेस्टेड कोट घालून. बटणं लावलेली!

गुन्ह्याच्या खुणांवरून अनोळखी गुन्हेगाराचं व्यक्तिचित्र काढायचं, म्हणजे प्रोफायलिंग करायचं, या विद्येला हा किस्सा अजून पोसतोय. मला मात्र त्या कोटापेक्षा दुसरीच गोष्ट विलक्षण वाटते. मेटेस्की सापडला तो वीज कंपनीतल्या ॲलिस केली नावाच्या एका कारकून बाईंमुळे. जुन्या फायली चाळताना त्यांना एका कामगाराची पत्रं मिळाली. १९३१ मध्ये कामावर वायूचा भपका लागून तो अधू झाला होता, भरपाई नाकारली गेली होती, आणि आपल्यावर अन्याय झाला असं तो पुनःपुन्हा लिहीत होता. बाँबवाल्याच्या पत्रांत हेच शब्द होते. आणि त्याची सही? ‘एफ. पी.’ म्हणजे फेअर प्ले! रास्त न्याय! याहून पुढची गंमत ऐका: महायुद्ध सुरू असताना त्यानं पोलिसांना कळवलं, की देशप्रेमापोटी युद्ध संपेपर्यंत मी बाँब ठेवणार नाही. आणि शब्द पाळला.

चक्रावलात ना? भर गर्दीत बाँब ठेवणारा माणूस नीतिमत्तेनं वागत होता. निदान त्याला स्वतःला तसं वाटत होतं.

ॲलन फिस्के आणि टेज राय या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०१४ मध्ये नेमकं हेच मांडलं. बहुतेक हिंसा सदसद्विवेक सुटल्यामुळे होत नाही. तो जागा असतो म्हणूनच होते. मारणाऱ्याला वाटतं, मी केलं ते बरोबर होतं, करायलाच हवं होतं. कुणी माझ्या माणसांना हात लावला, कुणी पायरी सोडली, कुणी बरोबरीचा हिशोब बिघडवला, कुणी केल्या कामाचं मोल बुडवलं. नात्याची घडी विस्कटली की ती पुन्हा बसवायला माणूस हात उगारतो. चूक की बरोबर हा प्रश्न वेगळा. तो हात कुठल्या बळावर उठतो, ते इथं कळतं.

पटत नसेल तर सरकारी आकडे बघा. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्यातले ९,९६२ तंट्यांतून, ३,७६१ वैरातून. आणि पैशाच्या वगैरे फायद्यासाठी? फक्त १,८८४. शंभरात सातसुद्धा नाहीत! खून म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दरोडेखोर नाहीतर विकृत माथेफिरू येतो. तंटा म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बांध, पाण्याची पाळी, सामाईक विहीर, भर चौकात झालेला अपमान.

आणि माथेफिरू? १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या गोरगरिबांची डोकी ठेचणारा रामन राघव घ्या. उच्च न्यायालयानं त्याला मनोविकारतज्ज्ञांपुढे बसवलं. निदान झालं जुनाट स्किझोफ्रेनियाचं, आणि फाशी जाऊन जन्मठेप आली. पण त्या भ्रमिष्ट डोक्यात काय होतं ठाऊक आहे? दोन जगं. एक आपलं हे, आणि दुसरं ‘कानून’चं! इतक्या मोडलेल्या मनातसुद्धा कायदा शाबूत होता, फक्त तो दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हता.

इथंच बोरगावच्या कोड्याचा उलगडा होतो. राघवचा कानून त्याच्या एकट्याचा होता, मेटेस्कीचा न्यायही एकट्याचा. बापू बिरूंचा कायदा मात्र गावाला ओळखीचा होता. बायाबापड्यांना छळणाऱ्या रंगा शिंदे नावाच्या गुंडाला त्यांनी मारलं, तेव्हा खोऱ्यातल्या बऱ्याच लोकांच्या लेखी तो निवाडा ठरला. पुढं आणखी खून झाले. स्वतःच्या मुलालाही त्यांनी त्याच कारणासाठी सोडलं नाही, असं इथं सांगितलं जातं. तमाशात वग रंगले, सिनेमा निघाला, ‘बोरगावचा ढाण्या वाघ’ हे नाव पडलं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनी यातलं काय कसं ऐकलं असेल, हे कुठल्याच वगात नाही.

हेतू एकाच डोक्यात असता तर पोलिसांना एकच माणूस शोधावा लागला असता. इथं तो गावोगावच्या घरांत वाटलेला होता. भाकरी बांधून देणाऱ्या हाताचं प्रोफाइल कोण काढणार?

अखेर ते पकडले गेले, जन्मठेप भोगून सुटले आणि गावोगाव प्रवचनं करू लागले: दारू सोडा, नीट वागा. जानेवारी २०१८ मध्ये इस्लामपुरात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांनी नव्वदी केव्हाच ओलांडली होती. फरारी बापू आणि माईकपुढचे बापू, या दोघांची वेगवेगळी प्रोफाइलं कुणी काढायला बसलं असतं, तर वय, पोशाख, मुक्काम, हत्यार, सगळे रकाने निराळे भरावे लागले असते. हेतूच्या रकान्यात मात्र दोन्हीकडे एकच ओळ आली असती: गावाला वळण लावणे.