खानदेशी बिबडे

भुसावळच्या उन्हाळ्याविषयी चांगले बोलणारा मनुष्य विरळा. परंतु पारा 45 अंशांच्या घरात जाऊन रस्ते ओस पडतात, त्याच दिवसांत घरोघरच्या गच्च्यांवर जोंधळ्याच्या बिबड्यांचे जे वाळवण पडते, ते पाहिले म्हणजे या उन्हाला गुणही आहे असे मानावेच लागते.

याच मुलखातील रावेर, सावदा, यावलकडची केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत जातात, 2016 साली जळगावच्या केळ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण एवढ्या लौकिकाच्या या फळाला टिकण्याची मुदत मात्र फार थोडी. घड कापला तरी केळे जिवंतच असते. ते श्वसन करते, इथिलीन नावाचा वायू सोडते, त्या वायूने शेजारच्या फण्याही पिकू लागतात, पिठूळ द्रव्याची साखर होते आणि तीन चतुर्थांश पाण्याने भरलेल्या त्या गोड गरावर बुरशीचा अंमल सहज बसतो. बर्फात ठेवावे, तर सुमारे 13 अंशांखाली सालच काळवंडते.

बिबड्याची तजवीज नेमकी उलट आहे. जोंधळा दोन-तीन दिवस भिजवून आंबवतात. म्हणजे नासण्याच्याच क्रियेला मर्यादेत राबवून घेतात, कारण त्या वेळी उत्पन्न होणारे आम्ल पुष्कळशा उपद्रवी जंतूंना अटकाव करते. मग धान्य सुकवून दळावयाचे, आधणात मीठ, जिरे, लसूण, तीळ टाकून ते पीठ वैरावयाचे आणि गुठळी न होऊ देता घाटा हाटावयाचा. खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर पाण्याचा हात लावून त्याची पातळ, वाटोळी चकती थापतात. जाड थापलेले बिबडे वरून कडक दिसले तरी पोटात ओल राखते आणि पुढे तेथूनच बुरते. म्हणून साऱ्या कारागिरीचा कस त्या पातळपणात आहे. वाळल्यावर कापड उलटे करून पाठीवर पाणी शिंपडतात, बिबडे अलगद सोडवतात आणि पुन्हा उन्हात टाकतात. पाणी इतके उडून जाते की जंतूला जगण्यापुरतेही उरत नाही.

शीतगृहांच्या योजनांना सरकारी दफ्तरात जी प्रतिष्ठा लाभते, तिचा अंशही बिबडे करणाऱ्या बायकांच्या विद्येला लाभलेला नाही, हे मला मनापासून खटकते. वीज व यंत्र यांवाचून वर्षभराचा शिधा टिकविणे ही काही सामान्य सिद्धी नव्हे.

तरीही बिबड्याला दोन वैरी उरतातच. आषाढाची दमट हवा त्यात पुन्हा ओल भरते. त्यावर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आणि उघडीप मिळताच पुन्हा ऊन, एवढा बंदोबस्त पुरतो. दुसरा वैरी हवेतील प्राणवायू. तिळाचे तेल त्याच्या संसर्गाने हळूहळू खवट होते आणि पाणी काढून घेतल्याने ही क्रिया थांबत नाही. तेव्हा ज्यांत तीळ सढळ हाताने पडले असतील, त्या बिबड्यांचा डबा आधी उघडावा.