टोल माफ झाला, पण चार्जिंगचं काय? पनवेल-उरणकरांनी ई-गाडी घेण्याआधी करायचा हिशेब

पनवेल : अटल सेतूवरून हिरव्या नंबरप्लेटची कार टोल न भरता निघून जाते, हे पाहून गावागावात एकच चर्चा सुरू आहे. आता आपणही बॅटरीवरची गाडी घ्यावी का? नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, सेतू झाला, न्हावा-शेवा बंदरात बॅटरीवरचे ट्रक आले. पण पनवेल, उरण, पेण, कर्जतच्या गावात लाईट किती वेळ टिकते, व्होल्टेज किती येतं, यावर सगळा खेळ आहे. काय बदललं, फायदा कोणाला आणि घेण्याआधी काय तपासायचं, ते पाहू.

टोलमाफी नेमकी कोणाला?

राज्य सरकारने मे २०२५ मध्ये नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण जाहीर केलं. ते मार्च २०३० पर्यंत लागू आहे. त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक कार आणि बसला पूर्ण टोलमाफी आहे. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ मध्ये ती प्रत्यक्ष सुरू झाली. सेतूवर कारला एका वेळचा टोल २५० रुपये. म्हणजे शिवडीला रोज ये-जा करणाऱ्याची मोठी रक्कम वाचते.

पण यात दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. मालवाहू गाड्यांना ही माफी नाही. टेम्पो, ट्रक बॅटरीवरचा असला तरी टोल लागतो. आणि २१.८ किलोमीटरच्या या सेतूवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मुळात प्रवेशच नाही. गावात सगळ्यात जास्त खपते ती स्कूटर, तिला या माफीचा काही उपयोग नाही.

कारवाल्यांनीही फास्टॅगचा मेसेज बघत राहावा. गाडीची नोंद 'इलेक्ट्रिक' म्हणून बरोबर झाली आहे ना, हे आरसी बुकात आणि फास्टॅगच्या खात्यात तपासावं. टोल कापला गेलाच तर मेसेज आणि आरसीची प्रत जपून ठेवून तक्रार करावी.

स्कूटरचा खरा हिशेब

गावातून पनवेल किंवा तळोजा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याचं उदाहरण घेऊ. रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस. पेट्रोलची गाडी लिटरला ५० किलोमीटर देते असं धरलं, तर महिन्याला २६ लिटर लागतात. पेट्रोल शंभराच्या वर आहे. म्हणजे २,६०० रुपयांच्या पुढे खर्च.

बॅटरीच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला साधारण पावणेदोन युनिट वीज लागते. महिन्याला झाले ४५ ते ४६ युनिट. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पकडले, तरी साडेपाचशेच्या आसपास. फरक दोन हजारांचा पडतो.

इथे एक मेख आहे. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. ज्याचं घर ८० युनिटात भागतं, त्याच्या बिलात हे ४५ युनिट आले की आकडा १२५ वर जातो आणि वरचे युनिट दुसऱ्या टप्प्यात पडतात. कार घरी चार्ज केली तर वापर ३०० च्या पुढेही जाऊ शकतो. म्हणून शोरूममध्ये सांगितलेला 'किलोमीटरला पंधरा पैसे' हा आकडा आपल्या घरच्या बिलावर पडताळून पाहावा.

छतावर सोलर असेल तर गणित बदलतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचं अनुदान मिळतं. दिवसा घरी उभी राहणारी गाडी त्यावर आरामात चार्ज होते. रात्री कामावरून येणाऱ्याला नेट मीटरचा आधार लागतो.

घरात चार्जिंग, पण वायरिंग कसलं?

गाडीची बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी आणि चार्जर म्हणजे नळ, असं समजावं. स्कूटरची टाकी २ ते ४ युनिटची, लहान कारची २५ ते ४० युनिटची. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम ३ युनिट जातात. म्हणजे ३० युनिटच्या कारला दहा-अकरा तास. भिंतीवर बसवायचा ७ किलोवॅटचा चार्जर हेच काम साडेचार-पाच तासांत करतो. महामार्गावरचा ३० किलोवॅटचा जलद चार्जर सुमारे तासाभरात ८० टक्के भरतो. त्यापुढचे २० टक्के हळू भरतात, म्हणून प्रवासात ८० ला थांबून निघणं शहाणपणाचं.

गावातल्या जुन्या घरांत अर्थिंग नसतं, वायर बारीक असते. त्यावर तासन्‌तास चार्जर चालला की सॉकेट तापतो, वितळतो. एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी चार्ज करणं तर धोक्याचंच. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं, चार्जरसाठी मीटरपासून वेगळी लाईन आणि एमसीबी घ्यावा. मंजूर भार कमी असेल तर वाढवून घ्यावा.

हवं तर गाडी चार्ज करायला वेगळं वीज कनेक्शनही मागता येतं. २०२४ मध्ये बदललेल्या केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांनुसार नवं कनेक्शन ग्रामीण भागात १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत द्यायचं आहे. अर्जाची पोच घेऊन ठेवली तर पाठपुरावा करता येतो.

पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या वस्तीत चार्जिंग पॉइंट उंचावर घ्यावा. उरणसारख्या खाडीकाठच्या हवेत प्लगच्या पिना गंजतात, त्या कोरड्या आणि स्वच्छ ठेवाव्यात. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर चार्जिंगला न लावता आधी सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

रस्त्यावरचे चार्जर

धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. नवी मुंबई शहरात आणि द्रुतगती मार्गावर चार्जर दिसतात. आतल्या रस्त्यांवर मात्र ते विरळच. शिवाय सगळ्या गाड्यांना एकच पिन चालत नाही. कारच्या जलद चार्जरला बहुतेक 'सीसीएस-२' नावाची पिन असते, ती बऱ्याचशा स्कूटरना बसत नाही. गाडी घेताना तिला कोणती पिन लागते आणि आपल्या रोजच्या वाटेवर तसा चार्जर आहे का, हे विचारून घ्यावं.

रस्त्याकडेला जागा असलेल्यांसाठी यात धंद्याची संधीही आहे. चार्जिंग स्टेशन टाकायला विजेचा वेगळा परवाना लागत नाही. महावितरणकडे त्यासाठी वेगळी दरश्रेणी आहे. पण जलद चार्जरला थ्री-फेज आणि मोठा भार लागतो, कधी नवा ट्रान्सफॉर्मरही. गिऱ्हाईक आलं नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. त्यामुळे ढाबा, गॅरेज किंवा रिक्षा स्टँडजवळ रिक्षा-स्कूटरसाठी दोन-तीन साधे चार्जर टाकून सुरुवात करणं कमी जोखमीचं.

ट्रेलरवाल्यांनी लक्ष ठेवावं

उरण-पनवेलमध्ये बंदरासाठी जमिनी गेलेल्या अनेक घरांनी कर्ज काढून ट्रेलर, डंपर घेतले. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी बातमी सप्टेंबर २०२५ ची आहे. न्हावा-शेवा बंदरात बॅटरी बदलता येणाऱ्या अवजड ई-ट्रकचा ताफा सुरू झाला. बंदराच्या आत फिरणाऱ्या सुमारे ६०० अवजड गाड्यांपैकी ९० टक्के डिसेंबर २०२६ पर्यंत बॅटरीवर आणायचं बंदर प्राधिकरणाचं उद्दिष्ट आहे.

या ट्रकची बॅटरी चार्ज करत बसायची गरज नाही. स्टेशनवर रिकामी बॅटरी काढून काही मिनिटांत भरलेली बसवतात. ट्रकच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा असतो. ट्रक स्वतःचा आणि बॅटरी भाड्याची, अशी पद्धत रुजली तर पहिला खर्च कमी होईल. पण मालक बॅटरी पुरवणाऱ्या कंपनीवर अवलंबून राहील. पाच-सात वर्षांच्या हप्त्यावर नवा डिझेल ट्रेलर घेणाऱ्याने आपलं काम बंदराच्या आतलं आहे की बाहेरचं, हे आधी पाहावं. आतलं काम आधी बदलणार, लांब पल्ल्याचं त्यामागून.

हा बदल गरिबाच्या बाजूनेही होऊ शकतो, याचं उदाहरण कर्जत तालुक्यातच आहे. माथेरानमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याच्या दिशेने जायला सांगितलं. नवी गाडी जुन्या कष्टकऱ्याच्या हातात जाते की नाही, हा खरा प्रश्न आहे. बंदराच्या ट्रकबाबतही तोच प्रश्न उभा राहणार आहे.

घेण्याआधी हे तपासा

– अनुदान : राज्याच्या धोरणात दुचाकीला १०,००० आणि तीनचाकीला ३०,००० रुपयांपर्यंत सवलत आहे, पण गाड्यांची संख्या ठरलेली आहे. ती बिलात वजा झाली का, ते बिल हातात घेऊन पाहावं.

– किंमत : सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ई-गाडीला ५ टक्केच आहे, पण किमतीतलं अंतर बदललं. जुन्या आकड्यांवर जाऊ नये.

– बॅटरीची वॉरंटी : किती वर्षं, किती किलोमीटर आणि किती टक्के क्षमता राहील, हे लेखी घ्यावं.

– सर्व्हिस सेंटर : पनवेलला आहे की ठाण्याला? गाडी बंद पडली तर न्यायची कशी?

– नोंदणी : ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या स्कूटरला लायसन्स-नोंदणी लागत नाही. त्यापेक्षा जास्त पळणारी गाडी 'बिननोंदणीची' म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नये. अपघात झाला तर विमा मिळणार नाही.

रोजचं अंतर ठरलेलं, घरी नीट अर्थिंग आणि रात्रभर लाईट असेल, त्याला स्कूटर आजच परवडते. ज्याच्या गावात रात्री दोन-चार तास वीज जाते, त्याने आधी महावितरणकडे तक्रार नोंदवावी आणि शोरूमला मग जावं.