स्टेक, अंडी आणि ‘का?’ हा प्रश्न



गेल्या व्याख्यानात आपण ‘माहीत असणं’ आणि ‘जमणं’ या दोन शब्दांपाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही सगळी उदाहरणं सायकलची आणि पोहण्याची दिलीत. स्वयंपाकाचं एकही नाही. मग आम्ही रोज करतो ते काय?’’ बाईंचं म्हणणं मला पटलं. म्हणून आजचा सगळा तास स्वयंपाकघरात. पदार्थ मात्र मला येतो तोच घेणार आहे: स्टेक आणि अंडी. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी बिचकू नये, कोणी वाढायला येणार नाही. आपला विषय आहे तापलेला तवा, आणि ‘का?’ या प्रश्नाला आपण देतो ती उत्तरं.

स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड काप, बहुधा स्नायूच्या धाग्यांना आडवा कापलेला. तो भाजून त्याच्याबरोबर अंडी खाण्याची रीत अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चांगली रुळलेली आहे. कष्टाच्या दिवसाचं हे भरपेट जेवण. ५ मे १९६१ रोजी अ‍ॅलन शेपर्ड हे पहिले अमेरिकी अंतराळवीर अवकाशात गेले, त्या पहाटे त्यांनी स्टेक आणि अंडीच खाल्ली होती. त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते: अशा जेवणाने पोटात चोथा कमी राहतो. पुढच्या अंतराळवीरांनी ती प्रथाच करून टाकली.

या पदार्थात लपायला जागा नाही. मसाला नाही, वाटण नाही, रस्सा नाही. मीठ, मिरी आणि तवा. चुकलं की लगेच दिसतं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला असं उदाहरण बरं पडतं.

आता प्लेटोकडे वळू. ‘गॉर्जियास’ या संवादात सॉक्रेटिस स्वयंपाकाला विद्या म्हणायलाच तयार नाही. त्याच्या मते वैद्यक ही खरी विद्या, ग्रीकमध्ये ‘तेख्ने’. कारण आपण काय देतो आणि ते का देतो हे वैद्याला सांगता येते. आचाऱ्याजवळ असते ती नुसती ‘एम्पेइरिया’, म्हणजे अनुभव, सराव. मराठीत आपण म्हणतो ना, ‘हात बसलाय’, तेच. ज्याचे कारण सांगता येत नाही त्याला विद्या म्हणू नये, असा हा निकष. तो लक्षात ठेवा, कारण तो आज आपण तव्यावर घालून बघणार आहोत.

१९७६ साली मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होतो. वय सव्वीस. माझ्या खोलीतला जोडीदार नेब्रास्कातल्या शेतकऱ्याचा मुलगा. घरून आणलेला एक जड बिडाचा तवा हाच त्याचा संसार. दर रविवारी संध्याकाळी तो स्टेक आणि अंडी करायचा आणि मला जेवायला बसवायचा. मी अंडंही न शिजणाऱ्या घरातून गेलेलो. पहिले दोन महिने नुसती अंडी खाल्ली, पुढे तोही संकोच गेला. घरी पत्रात यातलं काही लिहिलं नाही.

मी त्याला सारखा विचारायचो, तवा इतका धूर येईपर्यंत का तापवायचा? तो म्हणायचा, ‘‘बाहेरून कवच धरलं की रस आत कोंडला जातो, म्हणून.’’ मी खूश! म्हणजे माझा मित्र प्लेटोच्या परीक्षेत पास. त्याला कारण सांगता येत होतं.

हे कारण काही त्याच्या एकट्याचं नव्हतं. युस्टुस फॉन लीबिग हा एकोणिसाव्या शतकातला फार मोठा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. १८४७ साली त्याने अन्नाच्या रसायनावर पुस्तक लिहिले. सुरुवातीलाच तीव्र उष्णता दिली तर मांसाच्या पृष्ठभागावरची प्रथिने गोठून एक थर तयार होतो आणि आतला रस बाहेर पडत नाही, अशी त्याची मांडणी होती. नाव मोठं, त्यामुळे पाकपुस्तकांनी ती उचलली आणि तिथून ती घराघरांत गेली. पुढे १९३०च्या दशकात प्रयोग झाले, तेव्हा असा रस काही कोंडलेला दिसला नाही. हॅरल्ड मॅक्‌गी यांनी १९८४ साली ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या पुस्तकात हा भ्रम सविस्तर खोडून काढला. तरी आजही तुम्हाला हे वाक्य ऐकू येईल.

खरं तर प्रयोगशाळाही लागत नाही, कान पुरतो. कवच धरल्यावरही तवा चुरचुरत राहतो. तो आवाज कशाचा? आतून येणाऱ्या पाण्याची वाफ होण्याचा. रस कोंडला गेला असता तर तवा गप्प झाला असता. मी आठवडेच्या आठवडे तो आवाज ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात प्रश्न आला नाही. उत्तर आधीच मिळालं होतं ना!

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो.

त्या हिवाळ्यात मित्राचे वडील गेले. तो गावी गेला आणि दफनविधी उरकून आठवड्याने परतणार होता. मी ठरवलं, आज जेवण आपण करायचं. त्याचाच तवा, त्याचीच रीत. बस सात वाजता यायची होती. बाहेर बर्फ पडत होता, बसला उशीर झाला. मी सातच्या हिशेबाने काप दोन्ही बाजूंनी लाल करून बसलो होतो. कवच सुरेख धरलं होतं. मग मी विचार केला, आणि अगदी शिस्तीत केला: रस आत कोंडला गेला आहे, कोंडलेला रस बाहेर येणार नाही, तेव्हा मंद आचेवर झाकून ठेवायला हरकत नाही. अंडीही करून तशीच झाकली.

तो सव्वाआठला आला. काप चपलेच्या तळासारखा झाला होता, अंड्यांचं रबर. त्याने काही न बोलता सगळं खाल्लं, ताट धुऊन ठेवलं, ‘थँक यू’ म्हणाला आणि झोपायला गेला. मी बराच वेळ जागा होतो. आपल्या तर्कात चूक सापडत नव्हती, आणि सापडणारही नव्हती. चूक पहिल्याच विधानात होती.

आता बघा, तेच खोटं विधान मित्राच्याही डोक्यात होतं. पण त्याचा स्टेक कधी बिघडला नाही. कारण त्याचा हात त्या विधानाचं ऐकत नव्हता. हाताला, डोळ्याला, नाकाला वर्षानुवर्षांची सवय होती. वेळ झाली की तो काप उचलायचा. चुकीच्या स्पष्टीकरणाने जाणत्याचं फारसं बिघडत नाही. नवशिक्याला ते बुडवतं, कारण नवशिक्याकडे स्पष्टीकरणाशिवाय दुसरं काही नसतंच. शिकवण्याच्या धंद्यात पुढे चाळीस वर्षं काढली, तेव्हा हे वाक्य मी स्वतःला अनेकदा ऐकवलं आहे.

मग खरं काय घडतं? तव्यावर दोन वेगळी कामं चालू असतात.

बाहेरचं काम खमंगपणाचं. प्रथिनांमधली अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात उष्णतेने प्रक्रिया होऊन तपकिरी रंग आणि शेकडो वास-स्वाद तयार होतात. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही प्रक्रिया प्रथम वर्णन केली. भाकरीवरचे खरपूस डाग, भाजलेले दाणे, सगळीकडे हीच. ती जोरात चालायला साधारण १४० अंश सेल्सियसच्या वरचे तापमान लागते. पाणी तर १०० अंशांना उकळतं. म्हणजे काप ओला असेल तोवर पृष्ठभाग शंभराच्या वर जाणारच नाही. मांस नुसतं वाफलं जाईल. तवा कडक तापवायचा तो यासाठी. आणि काप आधी कागदी रुमालाने टिपून कोरडा करायचा, तेही यासाठीच.

आतलं काम वेगळं. ५० अंशांच्या आसपास मांसातली प्रथिने घट्ट होऊ लागतात. ५५ ते ६० दरम्यान काप मऊ, गुलाबी आणि रसाळ असतो. ६० ते ६५च्या पुढे धाग्यांभोवतीची कोलॅजेनची आवरणे आकसतात आणि ओल्या फडक्यासारखं मांस पिळून पाणी बाहेर काढतात. सत्तरच्या पुढे करडा, कोरडा गोळा. माझ्या झाकणाखाली सव्वा तास हेच चाललं होतं. जाता जाता, ताटात येतं ते लाल पाणी रक्त नव्हे. स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा तो रंग असतो.

म्हणजे अडचण एका वाक्यात अशी: बाहेर १४०च्या वर जायचं आहे आणि आत साठच्या आसपास थांबायचं आहे. म्हणून काप जाड हवा, निदान इंचभर. मीठ एक तर तव्यावर टाकताना लावा, नाही तर पाऊण तास आधी. मधल्या वेळात लावलंत तर मिठाने सुटलेलं पाणी वरच राहतं; पाऊण तासात त्यातलं बरंचसं पुन्हा आत मुरतं. तव्यात थोडं तेल, काप टाका, आणि मिनिटा-मिनिटाने उलटत राहा. एकदाच उलटायचा, असा एक नियम सांगतात. त्याची गरज नाही. वारंवार उलटल्याने काप जास्त सारखा शिजतो. इंचभर जाडीला सहा-आठ मिनिटं पुरतात. थर्मामीटर असेल तर बाजूने मधोमध खुपसा आणि हवं त्या तापमानाच्या तीन-चार अंश आधीच काप उतरवा, कारण उतरवल्यावरही आतलं तापमान थोडं चढतं.

किती अंशांना थांबायचं? अमेरिकी कृषी खात्याची शिफारस अखंड कापासाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विसावा, खिम्यासाठी मात्र ७१ अंश. फरक का? अखंड मांसात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, तिथे तर तवाच लागतो. खिमा करताना बाहेरचं आत मिसळतं. पुष्कळ लोक पंचावन्नलाच थांबतात. माझ्या वयाच्या माणसाने ६३ धरावेत.

काप उतरवल्यावर पाचेक मिनिटं हात लावायचा नाही. आपण भाताची वाफ जिरू देतो, तसं. काप जरा निवतो, आतला रस दाट होतो, आणि कापल्यावर ताटात कमी वाहतो. अंडी करायची ती याच पाच मिनिटांत, त्याच तव्यात. पण आच कमी करून, तवा थोडा निवल्यावर. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांना घट्ट होऊ लागतो, पण त्यातलं मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या आसपास बसतं. बलक मात्र ६५ला दाटतो आणि सत्तरला बसतो. म्हणजे पांढऱ्याला जास्त उष्णता हवी आणि पिवळ्याला कमी. उपाय सोपा: कडेने चमचाभर पाणी सोडून मिनिटभर झाकण ठेवा, वरून वाफ लागते. बलक पातळ ठेवायचा की नाही, ते खाणाऱ्यावर. लहान मुलं, गरोदर बायका आणि आम्ही म्हातारे, यांच्यासाठी पुरता शिजवावा. अंडं फार तापलं की रबर होतं त्याचंही कारण मांसासारखंच: प्रथिनांची जाळी आवळते आणि पाणी पिळून निघतं. एकच नियम, दोन पदार्थ.

आता प्लेटोला काय सांगायचं? कारण माहीत असायला हवं, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. माझं जेवण खोट्या कारणाने बिघडलं. पण मित्राच्या हातात जे होतं त्याला ज्ञान न म्हणण्याची माझी हिंमत नाही. इथे अ‍ॅरिस्टॉटल जास्त समंजस वाटतो. ‘मेटाफिजिक्स’च्या सुरुवातीलाच तो म्हणतो की कारण जाणणारा श्रेष्ठ खरा, पण अनुभव नसलेल्या सिद्धांतवाल्यापेक्षा अनुभवी माणूसच कामात यशस्वी होतो; कारण वैद्य ‘माणूस’ बरा करत नाही, तो कॅलियसला किंवा सॉक्रेटिसला, अमुक एका माणसाला बरं करतो.

मी त्या रात्री ‘स्टेक’ करत होतो. त्या अमुक एका माणसासाठी काय करायला हवं होतं? अगदी साधं. काप कच्चाच ठेवायला हवा होता. तो आला असता, कोट काढून स्टोव्हपाशी खुर्ची ओढून बसला असता, आणि आठ मिनिटांत त्याच्यासमोर ताट आलं असतं. कदाचित त्या आठ मिनिटांत तो काही बोललाही असता.

पुढच्या रविवारी त्याने मला स्टोव्हपाशी उभं केलं. माझं बोट धरून कापावर ठेवलं आणि म्हणाला, ‘‘दाब.’’ दोन मिनिटांनी पुन्हा, ‘‘आता दाब.’’ मऊपणातला फरक बोटाला कळला. त्या जेवणाबद्दल तो तेव्हाही बोलला नाही, नंतरही नाही.

एक प्रश्न आला आहे, आपल्याकडे हे करता येईल का? महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५च्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे इथे स्टेक म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं मांस. त्यात चरबी कमी, म्हणून ते लवकर कोरडं पडतं. खाटकाकडे ‘अंडरकट’ मागा, तो भाग सगळ्यात मऊ. आणि पाहुणा दारात आल्याशिवाय तव्यावर टाकू नका.

पुढच्या वेळी अ‍ॅरिस्टॉटलची व्यवहारबुद्धीची कल्पना घेऊ.