हिंदुरावांच्या टेकडीखालचे अन्न आणि चालणे

दिल्लीच्या उत्तर रिजवर, म्हणजे शहरात शिरलेल्या अरवलीच्या खडकाळ कण्यावर, कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदुराव यांनी ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझरच्या १८३५ मधील खुनानंतर त्याची हवेली विकत घेतली. हिंदुरावांच्या भगिनी, ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या बायजाबाई शिंदे यांना १८३३ मध्ये ग्वाल्हेर सोडावे लागले होते, त्यामुळे परागंदा होण्याचा अनुभव या कुटुंबालाही नवा नव्हता. हवेलीच्या जागी आज हिंदुराव रुग्णालय आहे, भोवतीच्या झाडीत पहाटे फिरायला येणाऱ्यांची आणि माकडांची वर्दळ असते, आणि टेकडीच्या उत्तरेला व यमुनेच्या बाजूला निर्वासितांच्या वसाहती पसरल्या आहेत.

या वसाहतींतल्या अन्नाचा विचार करताना एक भेद लक्षात ठेवायला हवा: बाजारात धान्य असणे आणि ते आपल्या पानात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांच्या संदर्भात मांडले. अन्नावर व्यक्तीचा जो व्यवहारात चालणारा अधिकार असतो, त्याला त्यांनी हक्कदारी मानले. फाळणीनंतर दिल्लीत सुमारे पाच लाख निर्वासित आले आणि त्यांची सर्वांत मोठी छावणी टेकडीच्या उत्तरेला किंग्सवे कॅम्पात होती. गांधीजी छावण्यांतील लोकांना काम करण्याचा आणि सफाई स्वतः राखण्याचा आग्रह धरत, कारण फुकटचे अन्न माणसाला दुबळे करते असे त्यांचे मत होते. या लोकांना भारताचे नागरिकत्व मिळाले, त्यामुळे शिधा आणि पुनर्वसन मागण्याचा मार्ग त्यांना खुला झाला. मात्र अन्न मिळाले तरी, शेतातल्या श्रमांवर पचणारा तुपाचा आहार दुकानाच्या गादीवरही तसाच चालू राहिला, तर तो अंगावर येणारच.

मजनू का टिला येथील तिबेटी वसाहतीत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. भाजलेल्या जवाचे पीठ, अर्थात त्साम्पा, आणि मीठ-लोणी घातलेला चहा हा थंड पठारावर, गुरांमागे दिवसभर चालणाऱ्यांचा आहार होता. दिल्लीच्या उकाड्यात मैद्याचे मोमो आणि थुक्पा सहज मिळतात, पण पठारावरचे चालणे मिळत नाही, आणि मिठाची सवय सुटली नाही तर रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. पारंपरिक आहार आणि त्यासोबतचे श्रम या दोन्हींत असा बदल होण्याला आहारसंक्रमण म्हणतात. वृद्ध तिबेटी जपमाळ हाती घेऊन मंदिराला प्रदक्षिणा घालतात, तिला कोरा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि त्यातली काही मिनिटे या प्रदक्षिणेतच भरत असावीत. कोणत्याही सल्लापत्रकापेक्षा हा उपाय अधिक शहाणपणाचा वाटतो.

जवळच्याच छावणीतील, पाकिस्तानातील सिंधमधून अलीकडे आलेल्या हिंदू कुटुंबांना मात्र फिरायला जा हा सल्ला देणे थट्टेसारखे आहे, कारण दिवसभर मजुरी किंवा रस्त्याकडेची विक्री करणाऱ्यांना श्रमांची नव्हे, धान्याची उणीव असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्य मिळते, परंतु त्यासाठी शिधापत्रिका लागते आणि शिधापत्रिकेसाठी नागरिकत्व. अशा कुटुंबांना नागरिकत्वाचा मार्ग देणाऱ्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले, आणि १५ मे रोजी दिल्लीत पहिल्या चौदा जणांना प्रमाणपत्रे देण्यात आली. या दुरुस्तीचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच आहे, त्यामुळे त्यानंतर सीमा ओलांडलेल्या कुटुंबांना, शेजारच्याच चुलीवर स्वयंपाक होत असला तरी, पीठ बाजारभावानेच घ्यावे लागते.